रिंगा मोजायच्या, की मोजलेली किंमत? (एनबीए, जॉर्डन-लेब्रॉन-रसेल आणि बाकीचे)

पहाटेचा_प्रेक्षक

आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत एकदा एनबीएमधला (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) सगळ्यात थोर कोण, मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, हे सुरू झालं आणि परत एकदा विजेतेपदांच्या सहा विरुद्ध चारवर येऊन थांबलं. जॉर्डनच्या ६ फायनल, ६ रिंगा (विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या), ६ फायनल्स एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान), विषय संपला म्हणे. मला हे आता सहन होत नाही म्हणून हा धागा काढतोय.

रिंगाच मोजायच्या तर बिल रसेलच्या ११ आहेत. १३ सीझनमध्ये ११, आणि त्यातल्या शेवटच्या दोन, १९६८ आणि १९६९, तो स्वतःच कोच असताना, म्हणजे खेळतही होता आणि टीमही चालवत होता, आणि एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय हेडकोच तोच. पण त्याचं नाव काढलं की लगेच "तेव्हा टीम होत्या तरी किती" असं येतं. ठीक आहे, ११ बाजूला ठेवा.

ऑक्टोबर १९६१. लेक्सिंग्टन, केंटकी. रसेलच्या टीमची, बॉस्टन सेल्टिक्सची, हॉक्सबरोबर प्रदर्शनी मॅच होती. सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये काहीतरी खायला गेले तर तिथे सांगितलं तुम्हाला इथे मिळणार नाही. हे चॅम्पियन टीमचे खेळाडू बरं का. रसेल आणि बाकीच्या काळ्या खेळाडूंनी बॅगा भरल्या आणि विमान पकडून परत गेले. मॅच त्यांच्याशिवाय झाली. त्याच रसेलच्या रीडिंगमधल्या घरात, बॉस्टनच्या बाहेर, लोक घुसले, भिंतींवर शिव्या लिहिल्या, ट्रॉफ्या फोडल्या आणि त्याच्या बिछान्यात घाण करून गेले. ज्या शहराला तो दरवर्षी कप जिंकून देत होता त्याच्या वेशीवर. तरी हा माणूस परत बॉस्टन गार्डनमध्ये जाऊन त्याच लोकांसमोर रिबाउंड काढत होता.

माझं म्हणणं एवढंच, थोरवीचा हिशोब मांडताना कोणी काय जिंकलं त्याच्या शेजारी कोणी काय गमावलं हा पण रकाना हवा. मतं मांडा.

बुल्स_शहाण्णव

धागा चांगला आहे पण दादा तुम्ही आधीच निकाल देऊन बसलाय. मी जॉर्डनवाला आहे, लपवत नाही. लहानपणी भिंतीवर एकच पोस्टर होतं.

तुम्ही रकाना काढला की जॉर्डनला त्यात शून्य देणार आणि तेच मला मान्य नाही. १९९० चं ते "रिपब्लिकनसुद्धा बूट घेतात" हे एक वाक्य ३० वर्षं त्या माणसाच्या गळ्यात बांधलंय. नॉर्थ कॅरोलायनात हार्वी गँट, कृष्णवर्णीय उमेदवार, रिपब्लिकन जेसी हेल्म्ससमोर निवडणुकीला उभा होता, आणि हेल्म्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या किती विरोधात होता ते सगळ्यांना माहितीये, आणि जॉर्डन जाहीरपणे काही बोलला नाही, बरोबर. पण २०२० च्या डॉक्युमेंटरीत त्याने सांगितलंय की ते बसमध्ये मित्रांशी बोलताना निघालेलं वाक्य होतं आणि गँटला त्याने पैसे पाठवले होते. २०१६ मध्ये पोलिसांच्या गोळीबारांवर जाहीर पत्र काढलं, दोन संस्थांना दहा-दहा लाख डॉलर दिले, २०२० मध्ये दहा वर्षांसाठी १० कोटी डॉलर जाहीर केले. शार्लटमध्ये गरिबांसाठी दवाखाने काढलेत. एनबीएच्या टीमचा मोठा हिस्सा विकत घेणारा पहिला माजी खेळाडू तो. आणि १९९३ मध्ये त्याच्या वडिलांचा खून झाला होता हे लोक विसरतात. प्रत्येकाने माईक हातात घेतलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

पहाटेचा_प्रेक्षक

शून्य देत नाही. पण तुम्ही सांगितलेलं बरंचसं २०१० नंतरचं आहे, तोवर तो अब्जाधीश होत आला होता. मला १९९१-९२ चा जॉर्डन विचारायचाय. त्याच्याच टीममध्ये, शिकागो बुल्समध्ये, क्रेग हॉजेस होता. त्याचं काय झालं ते सांगा.

झाडाखालचे_सर

हॉजेसचं मी सांगतो, मी त्या काळात शाळेत बास्केटबॉल शिकवायचो आणि जे काही मासिकात, टीव्हीवर मिळेल ते गोळा करायचो.

हॉजेस म्हणजे नुसता तीन पॉइंटचा. १९९०, ९१, ९२, सलग तीन वर्षं ऑलस्टारची थ्री पॉइंट स्पर्धा जिंकला, ९१ ला तर ओळीने १९ टाकले. बुल्स पहिल्यांदा चॅम्पियन झाले आणि व्हाइट हाउसला गेले तेव्हा हा पांढरा दाशिकी (आफ्रिकी पद्धतीचा झगा) घालून गेला, आणि राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशसाठी हाताने लिहिलेलं पत्र घेऊन गेला, कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांच्या हालांबद्दल. त्या भेटीला जॉर्डन गेलाच नव्हता. हॉजेसने नंतर असंही सांगितलंय की ९१ च्या फायनलच्या पहिल्या मॅचवर बहिष्कार टाकू असं त्याने जॉर्डन आणि समोरच्या टीमचा मॅजिक जॉन्सन दोघांकडे बोलून पाहिलं होतं, रॉडनी किंगला पोलिसांनी मारहाण केली त्याच वर्षी, आणि दोघांनी नको म्हटलं.

१९९२ मध्ये बुल्सने त्याला सोडलं आणि मग एकाही टीमने घेतलं नाही. वय ३२. बरं, मुद्दा हा आहे की ९३ च्या स्पर्धेत गतविजेता म्हणून तो आला तेव्हा त्याच्याकडे घालायला टीमची जर्सीच नव्हती. लीगचं नाव लिहिलेली साधी जर्सी घालून तो शूट करत होता. माझ्या डोळ्यासमोरून ते चित्र जात नाही. बाकी सगळ्यांच्या छातीवर शहरांची नावं आणि याच्या छातीवर कुठलंच शहर नाही. १९९६ मध्ये त्याने लीगवर दावा लावला, त्यातही यश आलं नाही.

बुल्स_शहाण्णव

सर, आदर आहे, पण तो उतरणीला लागला होता असंही म्हणणारे आहेत. बेंचवरचा शूटर, त्याला सोडणं काही जगावेगळं नाही.

झाडाखालचे_सर

हो, बुल्सने सोडणं समजू शकतो. बाकीच्या २६ टीमपैकी एकीनेही साधी ट्रायलला न बोलावणं समजत नाही. शूटर माणूस म्हातारपणी पण शूटरच असतो हो.

रसिका_एन

वाचतेय. छान चाललंय पण चार पानं झाली तरी कोणाला बायकांची आठवण आलेली नाही म्हणून लिहिते.

पहाटेचा_प्रेक्षक, तुमच्या त्या गमावण्याच्या रकान्यात माया मूरला कुठे ठेवाल? डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे बायकांच्या लीगमध्ये, मिनेसोटा लिंक्सला ७ वर्षांत ४ विजेतेपदं (२०११, १३, १५, १७), एमव्हीपी, ऑलिम्पिक गोल्ड, आणि २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ऐन भरात, ती म्हणाली मी यंदा खेळत नाही. जखमी नाही, भांडण नाही. जोनाथन आयर्न्स नावाचा माणूस मिझुरीच्या तुरुंगात होता, १६ वर्षांचा असताना पकडला, चोरी आणि गोळीबाराच्या केसमध्ये, ५० वर्षांची शिक्षा. पुराव्यातल्या बोटांच्या ठशांचा एक रिपोर्ट त्याच्या वकिलाला कधी दिलाच गेला नव्हता. मायाने त्या केससाठी खेळ सोडला. मार्च २०२० मध्ये कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि १ जुलैला तो बाहेर आला. व्हिडिओ बघा तुम्ही, तो गेटमधून चालत येतोय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि ती एकदम खाली गुडघ्यावर बसते, डोकं खाली, जणू पायातलं बळच गेलं. ती परत कोर्टवर आलीच नाही. २०२३ मध्ये रीतसर निवृत्ती.

आणि हे पण बघा की २०१६ च्या जुलैमध्ये, फुटबॉलवाला कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताला निषेध म्हणून गुडघ्यावर बसायच्या आधी, लिंक्सच्या मुली काळे टीशर्ट घालून आल्या होत्या, पोलिसाच्या गोळीने मेलेल्या फिलँडो कॅस्टीलचं नाव लिहिलेले. सिक्युरिटीला असलेले चार पोलिस ड्युटी सोडून निघून गेले. मग बाकीच्या टीमनी पण शर्ट घातले आणि लीगने त्यांना दंड केला, ओरड झाल्यावर मागे घेतला. यांचे पगार एनबीएवाल्यांच्या तुलनेत काहीच नसतात. तरी पहिल्या त्याच उभ्या राहिल्या.

मी स्वतः शाळेच्या टीममध्ये होते. आमच्या शाळेत मुलांचं प्रॅक्टिस संपलं की मग उरलेल्या वेळात कोर्ट आम्हाला, म्हणजे अंधार पडायला लागल्यावर. म्हणून हे जवळचं वाटतं.

नागपाडा_नऊ

रसिकाताई +१००. माया मूर ऑलटाइम.

मी नागपाड्यात वाढलो, आमच्याकडे गल्लीत क्रिकेटपेक्षा बास्केटबॉल जास्त, बाहेरच्याला खोटं वाटतं. मला मात्र या सगळ्यात महमूद अब्दुल रऊफ आठवतो. आमच्या इथले मोठे भाई लोक त्याच्याबद्दल बोलायचे. डेन्व्हरचा गार्ड, सहा फुटाचा, टूरेट्सचा आजार, अंगाला झटके यायचे आणि तरी फ्री थ्रोमध्ये दोनदा लीगमध्ये पहिला. फेब्रुवारी १९९६ मध्ये जॉर्डनच्या ज्या बुल्सनी त्या वर्षी फक्त १० मॅचेस हरल्या त्यातली एक याने हरवलीय, ३२ पॉइंट मारून. बुल्स भाऊ आठवत असेल तुम्हाला.

आणि पुढच्याच महिन्यात, १२ मार्चला, राष्ट्रगीताला उभा राहत नाही म्हणून सस्पेंड. त्याचं म्हणणं होतं की हा झेंडा जुलूमाचं पण प्रतीक आहे आणि माझ्या श्रद्धेत मला हे बसत नाही. एका मॅचचे जवळजवळ ३२ हजार डॉलर गेले. दोन दिवसात तडजोड झाली, उभं राहायचं पण डोकं खाली घालून हातात दुवा करायची. सीझन संपल्यावर दुसऱ्या टीमला ट्रेड. १९९८ ला लीगच्या बाहेर, वय २९. मधे एक वर्ष परत आला तेवढंच. २००१ मध्ये मिसिसिपीतलं त्याचं घर जळालं. त्याचं क्रॉसओव्हर आणि झटकन शॉट बघा, आज लोक म्हणतात हा तर स्टीफन करी आहे. कॅपर्निकच्या २० वर्षं आधी एकट्याने केलं त्याने, मागे कोणी नव्हतं, ट्विटर नव्हतं, बूटवाली कंपनी नव्हती.

बुल्स_शहाण्णव

ती मॅच आठवते. रात्रभर चिडचिड झाली होती. रऊफबद्दल मला काही वाद घालायचा नाही, त्याच्यावर अन्याय झाला.

पण मग लेब्रॉनवाल्यांना एक विचारतो, कारण धागा शेवटी तिथूनच सुरू झालाय. लेब्रॉनचं कौतुक करताना सगळे म्हणतात तो बोलतो. २०१२ ला गोळी घालून मारलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन या काळ्या पोरासाठी हुडीचा फोटो, २०१४ ला पोलिसांच्या हातून मेलेल्या एरिक गार्नरचे शब्द "आय कान्ट ब्रीद" लिहिलेला शर्ट, २०१८ ला त्या टीव्हीवाल्या बाई "शट अप अँड ड्रिबल" (गप्प बस आणि खेळ) म्हणाल्या त्यावर उत्तर. सगळं मान्य. मग ऑक्टोबर २०१९ ला काय झालं? ह्यूस्टन टीमचा मॅनेजर डॅरिल मोरीने हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट टाकलं, चीनच्या सरकारी चॅनलने मॅचेस बंद केल्या, आणि लेब्रॉन म्हणतो मोरीला पुरेशी माहिती नव्हती. बूट तिथेही विकले जातात ना? मग १९९० चा जॉर्डन आणि २०१९ चा लेब्रॉन यात फरक काय?

नागपाडा_नऊ

हे ट्वीट ज्या वीकेंडला पडलं त्याच वीकेंडला एनबीए मुंबईत होती! ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम, किंग्ज विरुद्ध पेसर्स. मी होतो तिथे. पहिल्या दिवशी शाळेची पोरं भरली होती, हजारो, प्रत्येक बास्केटला छप्पर उडेल असा आवाज. अ‍ॅडम सिल्व्हर, एनबीएचा प्रमुख, स्वतः आला होता. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच, त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता. आम्ही बाहेर पडलो तर फोनवर चीनचं सगळं सुरू.

ओहायोकर

मी १४ वर्षं क्लीव्हलँडजवळ आहे, लेब्रॉन आमच्या घरातला माणूस आहे म्हणा. त्यामुळे थोडं कडू-गोड दोन्ही लिहितो.

गोड आधी. अ‍ॅक्रनमधली आय प्रॉमिस शाळा २०१८ मध्ये सुरू झाली. ती खाजगी नाही, शहराची सार्वजनिक शाळा आहे, नेहमीचा खर्च जनतेच्या पैशातून होतो आणि वरचं त्याची फाउंडेशन घालते. अभ्यासात सगळ्यात मागे पडलेली मुलं मुद्दाम घेतात. आई-बापांना शाळेतच शिक्षण पुरं करता येतं, धान्य-किराण्याची खोली आहे जिथून घरं सामान घेऊन जातात. सुरुवातीला प्रत्येक पोराला सायकल दिली होती, हेल्मेटसकट, कारण लेब्रॉन म्हणतो लहानपणी सायकल होती म्हणून मी वस्तीच्या बाहेर जाऊ शकलो. त्या शाळेच्या गुणांवर इथे टीकाही होते आणि ती टीका खोटी नाही, पण काम सोपं नाहीये.

आता कडू. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथे क्लीव्हलँडमध्ये टमिर राइस, १२ वर्षांचा पोरगा, खेळण्यातली बंदूक हातात होती, पोलिसांनी गाडी थांबता थांबता गोळी घातली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने कोणावरही खटला भरायला नकार दिला तेव्हा लोकांनी लेब्रॉनला विनंती केली की तू काही मॅचेस बस. तो म्हणाला मला या विषयाची पुरेशी माहिती नाही. ज्या शहरात त्याचं दहा मजली चित्र लावलं होतं तिथे. मला ते चीनपेक्षा जास्त लागलं. माझा मुलगा तेव्हा ११ चा होता आणि त्याच्याकडे पण तसली बंदूक होती, आम्ही ती टाकून दिली त्या आठवड्यात.

तरी मी त्याच्या बाजूने आहे. पण बुल्सभाऊंचा प्रश्न रास्त आहे.

पहाटेचा_प्रेक्षक

रास्तच आहे. मी तो टाळणार नाही. चीनच्या वेळी लेब्रॉन चुकला, मोजपट्टी एकच ठेवायची तर त्याला तिथे मी वजा देतो. फरक एकच सांगतो, तो बाकीच्या वेळी तरी उठून उभा राहिला, आणि २०२० ला तर सगळी लीगच उभी राहिली.

२६ ऑगस्ट २०२०. आपल्याकडे २७ चे मध्यरात्री दीड. ऑर्लँडोच्या बबलमध्ये (कोविडमुळे सगळ्या टीम एका बंद जागी होत्या) मिलवॉकी बक्स विरुद्ध ऑर्लँडो मॅजिक टीमची पाचवी मॅच, मी चहा करून लॅपटॉपसमोर. मॅजिकचे लोक वॉर्मअप करतायत, रेफरी उभे आहेत, घड्याळ खाली येतंय आणि समोरची अर्धी बाजू रिकामी. बक्स बाहेरच येईनात. चार मिनिटं राहिली तेव्हा मॅजिकवाले पण बॉल ठेवून आत गेले. आवाज करायला प्रेक्षकही नाहीत, नुसतं रिकामं चकचकीत लाकूड दाखवत होते. तीन दिवस आधी विस्कॉन्सिनमध्येच, केनोशात, जेकब ब्लेकवर पोलिसांनी पाठीमागून गोळ्या झाडल्या होत्या. खेळाडू आत बसून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलशी फोनवर बोलत होते. शेवटी बाहेर येऊन निवेदन वाचलं ते जॉर्ज हिल आणि स्टर्लिंग ब्राउनने. ब्राउन म्हणजे तोच ज्याला २०१८ मध्ये मिलवॉकी पोलिसांनी दुकानाबाहेर पार्किंगच्या भानगडीवरून पाडून टेझर (विजेचा झटका देणारी बंदूक) मारला होता. तिथे दोघांपैकी कोणी सुपरस्टार नव्हता हे लक्षात घ्या.

झाडाखालचे_सर

बबलवरून १९६४ आठवलं. बॉस्टन, ऑलस्टार मॅच, पहिल्यांदा प्राइम टाइमला टीव्हीवर. खेळाडूंनी लॉकर रूमचं दार लावून घेतलं, पेन्शन मान्य करा नाहीतर आम्ही येत नाही. लॉस एंजेलिस लेकर्सच्या मालकाने दारावरच्या माणसाकरवी निरोप पाठवला की एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट यांनी ताबडतोब बाहेर यावं नाहीतर बघून घेईन. कोणी आलं नाही. मान्य झाल्यावरच आले. नंतर ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये लीगवर खटला भरला, १९७६ ला मिटला, त्यातून आजची फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हवी ती टीम निवडायची मोकळीक, आली. आजचा प्रत्येक करोडपती खेळाडू त्याच्यामुळे आहे. लोकांना त्याची फक्त ट्रिपल डबल (एका मॅचमध्ये तीन बाबतीत दोन आकडी कामगिरी) माहिती.

आणि बेलर. जानेवारी १९५९ ला चार्ल्सटन, वेस्ट व्हर्जिनियात हॉटेलने काळ्या खेळाडूंना खोल्या नाकारल्या, हा नवखा पोरगा, पहिला सीझन, मॅचला कपडेच बदलले नाहीत त्याने. ८ फायनल हरला. १९६२ ला एका फायनल मॅचमध्ये ६१ पॉइंट मारले. गुडघे गेले म्हणून १९७१ च्या सीझनच्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि लगेच पुढच्या मॅचपासून लेकर्सनी ओळीने ३३ जिंकल्या आणि त्याच सीझनला कप घेतला. खेळून मिळवलेली त्याची एकही रिंग नाही. तुमच्या सहा-चारच्या हिशोबात बेलर येतच नाही हो.

पांढरा_बॉल

अवांतर आहे, पण लेक्सिंग्टनचं कॉफी शॉप वाचल्यावर राहवलं नाही. आपले क्रिकेटर पळवणकर बाळू. पुण्याच्या जिमखान्यात साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकून टाकून तयार झालेला चांभार समाजातला बॉलर. हिंदू संघाला जिंकायला तो हवा होता, पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीत आणि बाळू बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट. कॅप्टन कधीच केलं नाही, ती पाळी १९२३ मध्ये भाऊ विठ्ठलवर आली. रसेलच्या आधी ५० वर्षं. मला अमेरिकेतलं हे सगळं वाचताना परकं असं काही वाटतच नाही, एवढंच सांगायचं होतं.

रसिका_एन

अवांतर कसलं, हेच तर.

विद्या_सोलापूर

उशिरा आले. एक अवघड नाव कोणी घेतलं नाही, कोबी ब्रायंट. मी लेकर्सची, २६ जानेवारी २०२० ला तो गेला तेव्हा मी रडलेय. पण सामाजिक म्हणताय तर २००३ चं कोलोरॅडो, त्याच्यावरचा बलात्काराचा आरोप, पण घ्या. मुलीने साक्ष द्यायला नकार दिल्यावर २००४ मध्ये फौजदारी आरोप मागे घेतले, दिवाणी दावा नंतर तडजोडीने मिटला. कोबीच्या निवेदनात होतं की मला ते संमतीने वाटलं होतं, पण तिला तसं वाटलं नव्हतं हे आता मला कळतं. नंतर तो मुलींच्या बास्केटबॉलसाठी खूप झटला, आपल्या मुलीला, जियानाला घेऊन डब्ल्यूएनबीएच्या मॅचेसना बसायचा. मला ८१ पॉइंट पण आठवतात आणि ती मुलगी पण, जिचं तेव्हा लोकांनी जगणं मुश्किल केलं होतं. दोन्ही एका कागदावर कसं लिहायचं मला येत नाही. पण एक खोडून दुसरं लिहिणार नाही.

बुल्स_शहाण्णव

विद्याताई, हे लिहिलंत ते बरं केलंत.

मी तीन दिवस वाचतोय. जॉर्डन माझ्यासाठी पहिलाच राहणार, कोर्टवर. पण हॉजेसची ती साधी जर्सी डोक्यातून जात नाहीये, त्याच टीमचा सगळ्यात मोठा माणूस एक शब्द बोलला असता तर कदाचित त्याला कुठेतरी जागा मिळाली असती. हे मी पहिल्यांदा कबूल करतोय.

प्रेक्षकदादा, रसेलची जर्सी रिकाम्या गार्डनमध्ये वर चढवली असं कुठेतरी वाचलं होतं, खरं आहे का?

पहाटेचा_प्रेक्षक

खरं आहे. १९७२. ६ नंबर निवृत्त करायचा होता आणि रसेलने सांगितलं लोकांसमोर नको. मग दारं उघडायच्या आधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, फक्त काही जुने सोबती असताना वर चढवली. १९७५ ला हॉल ऑफ फेमने बोलावलं तर गेला नाही, २०१९ मध्ये ती रिंग घेतली, म्हणाला माझ्या आधी चक कूपरसारख्यांना मिळायला हवी होती. कूपर म्हणजे १९५० चा, एनबीएने ड्राफ्ट केलेला पहिला काळा खेळाडू, त्याला त्याच वर्षी आत घेतलं होतं. आणि २०१७ मध्ये ८३ वर्षांचा असताना गळ्यात प्रेसिडेंशियल मेडल घालून गुडघ्यावर बसलेला फोटो टाकला होता.

२०२२ मध्ये तो गेला तेव्हा ६ नंबर सगळ्या लीगमधून निवृत्त केला. आधीपासून ज्यांच्याकडे होता त्यांना ठेवायची मुभा होती, त्यात लेब्रॉन होता. पुढच्या वर्षी त्याने रसेलच्या मानासाठी तो सोडला आणि २३ घेतला.

बुल्स_शहाण्णव

म्हणजे रसेलसाठी ६ सोडून परत आमच्या जॉर्डनचाच २३ घातला. हे मी आत्ता ग्रुपवर टाकतो.